आधी जावा टाकून घ्या

जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केला, की बऱ्याचदा विनरार उघडतो. समोर मेटा-इन्फ नावाचं एक फोल्डर, कॉम नावाचं दुसरं, त्याच्या आत आणखी फोल्डरं आणि तळाशी शेकडो बारक्या फायली. मग फोन येतो. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर आलं, पण त्यात नुसती फोल्डरंच आहेत. प्रोग्राम कुठाय?" एका काकांनी तर त्या सगळ्या फायली डेस्कटॉपवर मोकळ्या केल्या होत्या आणि एकेक उघडून बघत बसले होते. माणूस चिकाटीचा.

मी सार्वजनिक वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दाखल नोंदवही, पुस्तकांची देवघेव, वर्गणी, अनामत, थकबाकी आणि वर्ष संपलं की जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाणारा वार्षिक अहवाल. माझी वाचनालयं 'ब' आणि 'क' वर्गातली. तिथला कॉम्प्युटर एखाद्या सभासदानं आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेला असतो, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त गावातल्या हार्डवेअरवाल्याला ठाऊक असतो, आणि तो हार्डवेअरवाला लग्नसराईत फोटोग्राफरही असतो. अशा ठिकाणच्या ग्रंथपालाला जावा कशाशी खातात हे माहीत असावं, अशी अपेक्षा करणंच चूक. तरीही वीसेक वर्षं आमच्या धंद्यानं नेमकी तीच अपेक्षा केली. सॉफ्टवेअरबरोबर जाणाऱ्या कागदावर पहिली ओळ ठरलेली असे: आधी जावा टाकून घ्या.

विनरार उघडतो त्यात विनरारचा काही दोष नाही. जावाचा प्रोग्राम ज्या जार फायलीत येतो, ती आतून साधी झिपच असते. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर हा प्रकार आला. प्रोग्रामचे तुकडे, चित्रं, आवाज सगळं एका फायलीत दाबून भरायचं आणि आत मॅनिफेस्ट नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवायची. सुरुवात कोणत्या तुकड्यापासून करायची, हे त्या मॅनिफेस्टमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरवर जावा असेल तर ती ओळ वाचली जाते आणि प्रोग्राम सुरू होतो. जावा नसेल, किंवा असूनही झिप उघडणारं एखादं सॉफ्टवेअर नंतर टाकलं असेल, तर जार फायली त्याच्या ताब्यात जातात. हा घोटाळा इतका नेहमीचा, की जारच्या नावाची नोंद पुन्हा जावाकडे वळवण्यासाठी जारफिक्स नावाचा एक इवलासा प्रोग्राम कुणीतरी लिहून ठेवला आहे. म्हणजे प्रोग्राम चालावा म्हणून आधी जावा, आणि जावा ओळखली जावी म्हणून वर जारफिक्स.

मुळात जावा लागतेच कशाला? इतर बरेचसे प्रोग्राम प्रोसेसरला थेट कळेल अशा सूचनांमध्ये उतरवलेले असतात. विंडोजसाठी एक, मॅकसाठी दुसरा, लिनक्ससाठी तिसरा. जावाचा प्रोग्राम तसा उतरवत नाहीत. तो बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात ठेवतात, आणि तो वाचून त्या त्या मशीनवर चालवणारा एक वेगळा प्रोग्राम असतो, व्हर्च्युअल मशीन. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीनं १९९५च्या मे महिन्यात जावा जाहीर केली तेव्हा हाच तिचा मोठेपणा होता. एकदा लिहा, कुठेही चालवा, ही घोषणा त्या काळात कॉम्प्युटरच्या प्रत्येक मासिकात झळकत होती. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी भाषा घडवताना गंमतही बरीच केली. बाइटकोडच्या प्रत्येक फायलीचे पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीच्या अंकांत वाचले तर 'कॅफे बेब' अशी अक्षरं निघतात. आजही निघतात.

घोषणा खोटी नव्हती. मी एकदाच लिहिलेला प्रोग्राम खरोखरच विंडोजवर आणि लिनक्सवर तसाच्या तसा चालतो. फक्त त्या 'कुठेही'मध्ये एक अट दडलेली होती: तिथे व्हर्च्युअल मशीन आधीच हजर पाहिजे. लग्नाला आचारी ठरवावा, त्यानं सगळं सामान घेऊन मांडवात यावं आणि मग विचारावं, "चूल कुठाय?", तशातली गत. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले आणि ते वापरणाऱ्याच्या अंगावर गेले. जावाचे प्रोग्राम घरगुती कॉम्प्युटरवर फारसे रुजले नाहीत याचं कारण लोक तिच्या संथपणात शोधतात. मला विचाराल तर निम्मं कारण या चुलीत आहे.

कारण जावा टाकून घेणं हे एकदाचं काम कधीच नव्हतं. घड्याळाशेजारी नारिंगी कपाचं चिन्ह येई आणि नवी आवृत्ती आली आहे असं सांगे. ती टाकायला गेलं की तीन अब्ज उपकरणांवर जावा चालते अशी जाहिरात दिसे, आणि कित्येक वर्षं त्याच इन्स्टॉलरमध्ये आस्क टूलबारच्या चौकोनात आधीच टिचकी मारलेली असे. न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्या माणसाच्या ब्राउजरवर एक नवी पट्टी येऊन बसायची. ती आणली कुणी? तर सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी. त्यापेक्षा मग लोक 'लेटर' दाबत, आणि ते लेटर वर्षानुवर्षं चाले.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. नव्या जावानं बांधलेला प्रोग्राम जुन्या जावावर चालत नाही. एक लांबलचक संदेश येतो आणि त्यात ६१.० किंवा ५२.० असे आकडे असतात. त्यातून ४४ वजा करायचे, की जावाची आवृत्ती मिळते: ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. फोनवर समोरच्याला आकडा वाचायला लावून वजाबाकी करण्यात माझी बरीच दुपार जात असे. आणि उलट टोकाला असे प्रोग्राम, ज्यांना जुनीच जावा हवी. करसल्लागारांना हे वेगळं सांगायला नको. टीडीएसची विवरणपत्रं तयार करायची प्रोटियनची, म्हणजे पूर्वीच्या एनएसडीएलची, आरपीयू आणि त्यातली फाइल तपासणारी एफव्हीयू ही साधनं जावातली. प्राप्तिकर खात्याची विवरणपत्रांची साधनंही बरीच वर्षं जावात येत होती. एका कॉम्प्युटरवर असे तीन प्रोग्राम, तिघांची जावाबद्दलची मागणी वेगळी, आणि जावा मात्र सगळ्यांत मिळून एक. अमुक प्रोग्राम वाईट होता असं नाही, व्यवस्थाच तशी होती. पण त्यामुळेच आमच्याकडच्या एकाहून अधिक कर-कार्यालयांत कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर चिकटपट्टीनं कागद लावलेला असे: 'यावर काहीही अपडेट करू नये'.

यावर उपाय म्हणून मध्ये बऱ्याच गोष्टी येऊन गेल्या. ब्राउजरमध्ये चालणारी अ‍ॅपलेट्स. दुव्यावर क्लिक करताच प्रोग्राम उतरवून घेणारं वेब स्टार्ट. जारभोवती ईएक्सईचं वेष्टण चढवणारं लाँचफोरजे. सुरक्षेच्या भोकांपायी ब्राउजरांनी अ‍ॅपलेट्सना दारं बंद केली, क्रोमनं २०१५ साली. २०१८च्या सप्टेंबरात जावाची ११वी आवृत्ती आली, तेव्हा ब्राउजरचा प्लगइन आणि वेब स्टार्ट दोन्ही तिच्यातून काढून टाकले होते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, जिची सामान्य माणसाला कानोकान खबर लागली नाही. सन मायक्रोसिस्टिम्स २०१०मध्ये विकत घेणाऱ्या ओरॅकलनं ११पासून नुसती जावा चालवण्यापुरतं वेगळं पॅकेज द्यायचंच थांबवलं. जावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर सामान्य वापरकर्त्याच्या हाती पडते ती अजूनही ८. म्हणजे मी आज १७मध्ये प्रोग्राम लिहिला आणि ग्राहकाला सांगितलं की आधी जावा टाकून घ्या, तर तो इमानेइतबारे जी जावा टाकील तिच्यावर माझा प्रोग्राम चालणारच नाही. जुन्या सूचनेच्या पायाखालची जमीनच निघून गेली.

मग उरतो एकच मार्ग. जावा प्रोग्रामच्या पोटात घालून द्यायची.

ही युक्ती नवी नाही. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, त्यानं जावा टाकली होती का. त्याला प्रश्नच कळणार नाही. मूळ माइनक्राफ्ट जावात लिहिलेलं आहे, त्याची १.१७ आवृत्ती जावा १६वर गेली, पुढची १७वर, नंतर २१वर, पण खेळ सुरू करणारा लाँचर लागेल ती जावा स्वतःच आणतो आणि स्वतःपुरती ठेवतो. मुलं नुसती ठोकळे रचत बसतात. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हातातली आर्डुइनोची जुनी आयडीई हीसुद्धा जावाच, पोटात जावा घेऊन फिरणारी. मोठ्या मंडळींना हे पूर्वीपासून परवडत होतं. माझ्यासारख्या एकट्या माणसाला ते परवडू लागलं ते दोन अवजारांमुळे.

पहिलं जेलिंक. जावाचा अख्खा विकास-संच उलगडून ठेवला तर तीनेकशे एमबीपर्यंत जातो, आणि वाचनालयाच्या प्रोग्रामला त्यातलं बरंचसं लागत नाही. २०१७मध्ये जावा ९ आली तेव्हा हा संच मॉड्यूलमध्ये तोडला गेला: मूळ पाया एकात, खिडक्या आणि बटणं दुसऱ्यात, डेटाबेसशी बोलणं तिसऱ्यात. जेलिंकला आपण हवी तेवढी मॉड्यूलं सांगायची. तो तेवढीच घेऊन एक आटोपशीर जावा बांधून देतो. कोणती लागतील हे जेडेप्स नावाचं भावंड प्रोग्राम तपासून सांगतं.

दुसरं जेपॅकेज. २०२०च्या मार्चमध्ये ते चाचणीसाठी जावा १४मध्ये आलं, आणि वर्षभरानं १६मध्ये पक्कं झालं. माझी जार, जेलिंकनं बांधलेली जावा, एक आयकॉन आणि नाव दिलं, की ते विंडोजसाठी ईएक्सई किंवा एमएसआय, मॅकसाठी डीएमजी किंवा पीकेजी आणि लिनक्ससाठी डेब किंवा आरपीएम बांधून देतं. फक्त विंडोजचा सेटअप विंडोजवर बसून बांधावा लागतो, मॅकचा मॅकवर. एकदा लिहा हे खरं, पण बांधा मात्र प्रत्येक ठिकाणी. मॅक असलेलं वाचनालय अजून माझ्या वाट्याला आलेलं नाही, त्यामुळे माझं निभावून जातं. विंडोजवर जेपॅकेज स्वतः सेटअप रचत नाही, ते काम विक्स या संचाकडून करून घेतं. हा विक्स २००४ साली मायक्रोसॉफ्टनं मुक्त परवान्याखाली बाहेर सोडला. मुक्त सॉफ्टवेअरशी या कंपनीचं तेव्हा विळ्याभोपळ्याचं नातं होतं, आणि अशा परवान्याखाली तिनं दिलेला हा पहिलाच प्रकल्प.

माझ्या प्रोग्रामचा स्वतःचा भाग डेटाबेससकट पाच-सहा एमबीचा. जावा पोटात घातली की सेटअप पन्नास एमबीच्या घरात जातो. यावर नाक मुरडणारे मित्र आहेत. देवघेवीसाठी पन्नास एमबी? मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या व्हिडिओंचं वजन विचारते.

जेपॅकेजच्या हुकुमात बारीकसारीक पर्याय असतात आणि त्यांत खरी गंमत आहे. स्टार्ट मेनूत नाव हवं का, डेस्कटॉपवर शॉर्टकट हवा का, फोल्डर निवडू द्यायचं का. एक पर्याय असा की सेटअप फक्त त्या वापरकर्त्यापुरता होतो आणि अ‍ॅडमिन पासवर्ड लागतच नाही. हार्डवेअरवाला लग्नाच्या ऑर्डरवर गेलेला असला तरी काम होतं. आणखी एक पर्याय जावाला सुरू होतानाच्या सूचना देण्याचा, तो मराठीत काम करणाऱ्यांसाठी सोन्यासारखा. जावाच्या १७व्या आवृत्तीपर्यंत अक्षरं फायलीत कोणत्या पद्धतीनं लिहायची हे ती विंडोजला विचारून ठरवत असे, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर विंडोज सांगे ती पद्धत पश्चिम युरोपच्या लिपीची. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं पद्धत स्वतः नेमून दिली नसेल तर बाहेर काढलेल्या यादीत लेखकांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. ही प्रश्नचिन्हं नंतर दुरुस्त होत नाहीत, अक्षर गेलं ते गेलंच. नुसती जार डबल क्लिक केल्यावर कोणतीही सूचना देता येत नाही. बांधलेल्या पॅकेजमध्ये मात्र ती सूचना शेजारच्या एका फायलीत लिहून ठेवलेली असते, आणि दर वेळी पाळली जाते. २०२२पासून, म्हणजे १८व्या आवृत्तीपासून, यूटीएफ-८ हीच ठरलेली पद्धत झाली, पण १७वर राहणाऱ्यांना ती ओळ अजून हवीच.

फाँटचंही तसंच. मंगल फाँट प्रत्येक विंडोजवर असतोच, असं धरून चालण्याचे दिवस गेले. विंडोज १०मध्ये तो मागवून घ्यायच्या जादा फाँटांत गेला आहे. म्हणून फाँटही पॅकेजमध्येच घालते. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फाँट मी वापरते. त्याचा परवाना सॉफ्टवेअरबरोबर वाटायला आडकाठी करत नाही आणि त्यातली जोडाक्षरं बारीक आकारातही वाचता येतात. फाँट आपला, जावा आपली. त्यामुळे 'ऱ्हस्व' आणि 'वाङ्मय' माझ्या पडद्यावर जसे दिसले तसेच चंदगडच्या वाचनालयातल्या पडद्यावर दिसतात. पूर्वी हे छातीठोकपणे सांगता येत नसे.

मराठीच्या बाबतीत जेलिंकनं एक खोडी करून ठेवली आहे, ती इथे सांगितलीच पाहिजे, कारण जिथे शोधावं तिथे इंग्रजीसाठी काम करणाऱ्यांचाच सल्ला मिळतो. जगभरातल्या भाषांचे महिने, वार, आकडे, तारखांच्या पद्धती ही सगळी माहिती जावानं लोकेलडेटा नावाच्या एका स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवली आहे. पायाभूत मॉड्यूलमध्ये फक्त इंग्रजी. जेडेप्सला प्रोग्राम तपासायला दिला तर हे मॉड्यूल लागतं असं तो सांगत नाही, कारण प्रोग्राम त्याचं थेट नाव घेत नाही. चालू असताना गरज पडली तरच ते हाताशी घेतलं जातं. परिणाम असा, की ते वगळून बांधलेली जावा कुठेही न अडखळता चालते. चूक दाखवत नाही, कुरकुर करत नाही. फक्त वर्गणीच्या पावतीवरचा 'फेब्रुवारी' जातो, आणि देवनागरी आकडे जाऊन तिथे इंग्रजी आकडे येतात. हे मॉड्यूल हातानं घालायचं. सगळ्या जगाच्या भाषांचं ओझं नको असेल तर जेलिंकला सांगता येतं की यातली फक्त मराठी घे. याच जातीचं आणखी एक मॉड्यूल एन्क्रिप्शनचं होतं: ते घालायचं राहिलं तर प्रोग्राम बाकी ठणठणीत, पण इंटरनेटवरच्या काही सर्व्हरांशी हातमिळवणी होत नसे. जावा २२मध्ये ते पायात विलीन झालं. भाषांचं अजून झालेलं नाही.

पॅकेज बांधून झालं की प्रश्न येतो तो माहितीचा. सगळ्या वापरकर्त्यांसाठी सेटअप केलेला प्रोग्राम जातो प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये, आणि २००७च्या व्हिस्टापासून विंडोज अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय तिथे लिहू देत नाही. जार पेन ड्राइव्हवरून चालवण्याच्या काळात डेटाबेस प्रोग्रामच्या शेजारीच पडलेला असे. तो आता हलवावा लागतो. कुठे? प्रत्येक वापरकर्त्याचं एक अ‍ॅपडेटा फोल्डर असतं, आणि बहुतेक पुस्तकी सल्ला तिथे ठेवा असाच. वाचनालयात तो सल्ला चालत नाही. सकाळच्या पाळीला ग्रंथपाल स्वतःच्या नावानं विंडोज उघडतात, संध्याकाळी सहायक ताई त्यांच्या नावानं. माहिती पहिल्याच्या अ‍ॅपडेटात असेल तर संध्याकाळी ताईंसमोर कोरं वाचनालय येईल: शून्य पुस्तकं, शून्य सभासद. सगळ्यांत सामायिक असं प्रोग्रामडेटा फोल्डर आहे, पण तिथेही विंडोजचा नियम असा, की एकानं निर्माण केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. ती परवानगी सेटअप करतानाच द्यावी लागते, आणि त्यासाठी अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. म्हणजे शेवटी हार्डवेअरवाल्याच्या सवडीनंच. जेपॅकेजमध्ये यासाठी सरळ पर्याय नाही. विक्सला द्यायचा साचा आपल्या हातानं बदलून द्यावा लागतो. दोन पाळ्यांच्या वाचनालयांना मी असा वेगळा सेटअप देते, एकहाती वाचनालयांना साधा.

नव्या आवृत्तीचंही एक शास्त्र आहे. विंडोज प्रोग्रामला नावानं ओळखत नाही, सेटअपमध्ये दडवलेल्या एका लांबलचक ओळख-क्रमांकानं ओळखते. आपण तो दिला नाही तर जेपॅकेज तो प्रोग्रामच्या आणि निर्मात्याच्या नावावरून स्वतः तयार करतं. दिसायला सोयीचं, पण उद्या हौसेनं नावापुढे 'प्रो' जोडलं की क्रमांक बदलला, आणि जुन्या प्रोग्रामच्या जागी नवा बसण्याऐवजी डेस्कटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी उभे. देणगीदारांची नोंद एकात, थकबाकी दुसऱ्यात. म्हणून तो क्रमांक पहिल्याच दिवशी ठरवून हुकुमात लिहून टाकावा आणि जन्मभर बदलू नये.

एवढं करूनही सेटअप पाठवला की समोर निळी खिडकी येते: विंडोजनं तुमचा पीसी वाचवला आहे. रन करण्याचं बटण दिसतच नाही. 'मोर इन्फो' या बारीक अक्षरांवर क्लिक केलं तर ते प्रकट होतं. सेटअपवर निर्मात्याची डिजिटल सही नसली, किंवा सही असूनही फाइल नवी आणि अनोळखी असली, तर हा इशारा येऊ शकतो. प्राप्तिकर किंवा जीएसटीसाठी डीएससीचं टोकन वापरणाऱ्यांना सहीची ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. ही त्याचीच चुलत बहीण. २०२३च्या जूनपासून सॉफ्टवेअरवर सही करायची किल्लीसुद्धा अशाच टोकनसारख्या सुरक्षित उपकरणात ठेवणं सक्तीचं झालं आहे. शिवाय वर्षाचा खर्च. अ‍ॅपलकडे तर सहीनंतर प्रोग्राम त्यांच्याकडे पाठवून तपासून घ्यावा लागतो आणि त्यांच्या कार्यक्रमाची वर्गणी वर्षाला ९९ डॉलर. मी दोन वाचनालयांच्या वर्गणीइतका खर्च दरसाल या सहीवर करते, आणि हा खर्च मला पटतो. ग्रंथपालांना 'मोर इन्फो दाबा आणि तरीही चालवा' असं शिकवणं मला धोक्याचं वाटतं. उद्या कुणी वीजबिलाच्या नावानं भलतीच फाइल पाठवली, तर तेही ते तितक्याच विश्वासानं चालवतील.

जावा पोटात घालण्याविरुद्धचा खरा आक्षेप सुरक्षेचाच आहे, आकाराचा नाही. जावातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरल्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. सगळ्यांत मिळून एक जावा असेल तर ती एकदा अद्ययावत केली की सगळे प्रोग्राम सुरक्षित. दहा प्रोग्रामांच्या पोटात दहा जावा असतील, तर दहा निर्मात्यांनी आळस न करता नवे सेटअप द्यायला हवेत, आणि एखादा निर्माता धंदा बंद करून बसला असेल तर त्याची जावा तशीच जुनी राहणार. कागदावर हा मुद्दा बिनतोड आहे. पण मी ज्या कॉम्प्युटरांसमोर बसते तिथे ती सामायिक जावा कुणी अद्ययावत केलेली मला क्वचितच दिसली. नारिंगी कप वर्षानुवर्षं 'लेटर'वर अडकलेला. माझ्यावर जबाबदारी आली तर निदान ती कुणाची आहे हे तरी ठरतं. प्रत्येक तिमाहीला मी नवी जावा घेऊन सेटअप पुन्हा बांधते. जावा ओपनजेडीकेच्या मुक्त परवान्याखालची घेते, एक्लिप्स टेमुरिन नावाची बांधणी. ती पोटात घालून वाटायला परवाना आड येत नाही. ओरॅकलच्या जावा ८च्या सुधारणांना २०१९पासून व्यवसायासाठी पैसे पडू लागले, तेव्हापासून परवाना वाचून घ्यायची सवय लागली ती लागलीच.

सध्या डोक्याला ताप आहे तो ३२ बिटांचा. देणगीत आलेली जुनी मशीनं, दोन जीबी रॅमची, विंडोज ७ची, त्यांतली बरीचशी ३२ बिट. जावा २१नं त्यांना निरोपाची नोटीस दिली होती, आणि २०२५च्या मार्चमधल्या २४व्या आवृत्तीत ३२ बिट विंडोजचा आधार काढूनच टाकला. १७ची ३२ बिट बांधणी अजून मिळते म्हणून माझ्या पेन ड्राइव्हवर दोन सेटअप असतात, नावापुढे ६४ आणि ३२ लिहिलेले. कोणता चालवायचा हे फोनवर विचारतात तेव्हा 'कॉम्प्युटर'च्या चित्रावर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि 'सिस्टिम टाइप'समोर काय लिहिलंय ते वाचा, असं सांगते. गेल्या मार्चअखेरीला एका चिटणीसांनी वाचून झाल्यावर विचारलं, की नवा देणगीदार तयार आहे, त्याला काय सांगू? मी म्हटलं, पडदा मोठा नसला तरी चालेल, मशीन ६४ बिटचं घ्या, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घ्या, आणि अ‍ॅडमिन पासवर्ड दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.